मेन पाडून जाणारे मामा

मामांनी तो जुना सर्व्हर नांदेडच्या भंगारातून लातूरला एसटीनं आणला, आणि तोही डिकीत टाकून नाही, खिडकीजवळच्या सीटवर बसवून. सर्व्हर म्हणजे एक लांबट, चपटी लोखंडी पेटी. उचलायला दोन माणसं लागावीत एवढी जड. तिला गोधडी गुंडाळलेली, वरून सुतळी. कंडक्टरनं विचारलं, "हे काय हाय?" मामा म्हणाले, "पेशंट हाय. लातूरला दाखवायला नेऊन राहिलो." कंडक्टरनं गोधडीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "मामा, पेशंट लईच कडक झालाय की वो." मामांनी पेटीचं पूर्ण तिकीट काढलं. अहमदपूरला एक लेकुरवाळी बाई चढली तेव्हा मामा स्वतः उठून उभे राहिले. पेशंटला उठवलं नाही.

हे मला मामांनीच सांगितलं, आणि सांगताना ते जरासुद्धा हसले नाहीत. हसत होते मी.

मी तेव्हा लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये संगणक सांभाळायला नव्यानं लागले होते. रोज रेणापूरहून सकाळची पहिली एसटी धरायचे. नोकरी तीन महिन्यांच्या बोलीवर होती. काम दिसलं तर कायम, नाही तर आपलं रेणापूर भलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कायमचा नोकरदार झाला नव्हता, त्यामुळे 'कायम' हा शब्द मी देवाच्या नावासारखा घोकायचे. क्लासमध्ये जो तो 'सर' होता. फिजिक्सचे सर, केमिस्ट्रीचे सर, सगळ्यांवर मोठे सर. एवढ्या सरांच्या गर्दीत मामा एकटेच मामा होते. मूळचे हिमायतनगरचे, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उमेदवारीपासून निवृत्तीपर्यंत काम केलेले. क्लासमधल्या तारा, पंखे, फोन, प्रिंटर, यातलं काहीही बंद पडलं की पोरं त्यांच्या नावानं ओरडायची.

मामांकडे पानाचा डबा होता, पण त्यांना सुपारीचंही व्यसन नव्हतं. चुन्याच्या खणात बारीक स्क्रू, काताच्या खणात मोठे, लवंगेच्या खणात वायशर. कुणाच्या हाताला स्क्रू सापडला नाही की ते डबा उघडून पुढं करायचे, एखाद्या पाहुण्याला विडा द्यावा तसे. बंद पडलेल्या यंत्राला आधी नाक लावायचे. "जळकं न्हाई," एवढं म्हणून मग पेचकस हातात. यंत्र खराब आहे असं कुणी म्हटलं की त्यांना भारी राग. "यंत्र खराब नसतंय. त्याला इचारायची रीत खराब असतीय."

आणखी एक. मामा कुठलीही जड वस्तू उंचावर ठेवू द्यायचे नाहीत. आमच्याकडे सर्व्हर ठेवायला चांगली लोखंडी मांडणी होती. तिच्यावर मामांनी चादरी आणि खडूचे खोके ठेवले आणि सर्व्हर ठेवला खाली फरशीवर, लाकडी पाटावर. "वर ठेवलेलं एक दिवस खाली येतंच," म्हणायचे. लातूरच्या माणसाला यातलं वेगळं काही सांगावं लागत नाही. भूकंप पाहिलेल्या घरांत अजूनही पलंगाच्या वर भिंतीला फळी नसते.

मामांचा सर्वांत मोठा मंत्र होता, "एका वक्ताला एकच." बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि काम झालं, तर कशानं झालं ते कळत नाही. बिघडलं तरी कळत नाही. मी घाईची. एका दमात तीन बटणं दाबायचे. मामा माझ्या मनगटावर पेचकसाचा दांडा हळूच मारायचे. हा नियम ते जेवतानाही पाळायचे. आधी नुसती भाकरी, मग नुसती भाजी, मग ठेचा. "कशानं तिखट लागलं ते कळाया पाह्यजे." मेसच्या बाईंनी त्यांच्यापुढं हात टेकले होते.

तर त्या पेशंटची गोष्ट. इंजिनिअरिंगची प्रवेशपरीक्षा संगणकावर व्हायला लागली होती, आणि आमची पोरं कागदावर गोल काळे करण्यात पटाईत. मोठ्या सरांच्या मनात आलं की आपली सराव परीक्षाही संगणकावर घ्यायची. साठ पोरं, एक हॉल, रविवारी सकाळी दहा वाजता. पालकांना निरोप गेले आणि मग मला बोलावणं आलं. "एवढं पेलणारी नवी यंत्रं पुण्याहून मागवावी लागतील का?" मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "न्हाई. आपलं म्हातारं हाय की." सरांनी माझ्याकडं पाहिलं. "होईल?" आणि मी, जिनं त्या म्हाताऱ्याची पेटी अजून उघडूनही पाहिली नव्हती, म्हटलं, "होईल सर." तीन महिन्यांतले पंधराच दिवस उरले होते. माझी जीभ अशीच पुढं धावते आणि मी तिच्यामागून.

करायचं होतं ते असं. पोरांपुढच्या संगणकांखेरीज परीक्षेला मागून पाच वेगवेगळे संगणक लागणार होते. एकात प्रश्न, एकात उत्तरं, एकात निकाल, वगैरे. आमच्याकडं यंत्र एकच. पण हायपरवायझर नावाचं एक सॉफ्टवेअर असतं, ते एका यंत्राचे आतल्या आत पाच संगणक करतं आणि प्रत्येकाला वाटतं, सगळं घर आपलंच. मी हे मामांना पंधरा मिनिटं समजावलं. ते म्हणाले, "म्हंजे आपल्या गल्लीतला घरमालक. एका खोलीत चार पलायवूड उभे करतंय आन् पाच पोरं ठेवतंय." त्या दिवसापासून आमच्याकडं हायपरवायझरचं नाव घरमालक पडलं.

घरमालक काही घरात पाऊल टाकेना. सोमवारी मी सगळ्यात नवी आवृत्ती उतरवून घेतली आणि लावली. पडद्यावर आलं: डिस्क सापडत नाही. डिस्क तर आत घरघरत होती! मी केबल काढल्या, लावल्या, पुन्हा तेच. दोन दिवस मी त्या पेटीशी भांडले. मामा बाजूला पाटावर बसून नुसते बघायचे. मंगळवारी दुपारी म्हणाले, "तुझं हे सॉफ्टवेअर कवाचं?"

"अगदी ताजं मामा. गेल्या महिन्यातलं."

"आन् ही पेटी कवाची?"

मी पेटीमागचं साल वाचलं. नव्या आवृत्तीनं डिस्क जोडणाऱ्या जुन्या कार्डांची ओळख केव्हाच सोडून दिली होती. पाच वर्षांपूर्वीची आवृत्ती शोधली, लावली, आणि पडद्यावर दोन्ही डिस्का अशा उमटल्या की मी खुर्चीवरून उडीच मारली. "दिसल्या! मामा, दिसल्या!" मामा म्हणाले, "म्हाताऱ्याशी म्हाताऱ्याच्या बोलीत बोलावं." पण त्यांचेही डोळे चमकत होते. मला दिसले.

घरमालक घरात आला, पण भाडेकरू काही जागे होईनात. आता पडद्यावर तक्रार अशी, की प्रोसेसरची एक सोय बंद आहे. एका यंत्राचे पाच करायचे तर ती सोय लागतेच. ती यंत्राच्या अगदी मुळातल्या सेटिंगमध्ये असते, यंत्र सुरू होता होता बटण दाबून आत शिरावं लागतं. शिरले, चालू केली, यंत्र पुन्हा सुरू केलं. तरी नाहीच. मी रडकुंडीला आले. मामांनी मला बाजूला केलं, यंत्र बंद केलं, पिन भिंतीतून उपसून काढली, पेटीच्या बटणावर अंगठा दाबून धरला आणि डोळे मिटून तीस आकडे मोजले. "आतला सगळा करंट उतरू दे. झोपल्याशिवाय ह्याला नवं काही आठवत न्हाई." पिन लावली. घरमालक उठला. मग पहिला भाडेकरू, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा! बुधवारी संध्याकाळी पाचही संगणक एका पेटीतून बोलत होते. मी आख्ख्या मजल्यावर धावत सुटले, केमिस्ट्रीच्या तासात दार उघडून "झालं!" म्हणून ओरडले आणि सरांची माफी न मागताच पळाले. मामांनी सगळ्यांना चहा सांगितला. स्वतः आधी बिनसाखरेचा घोट घेतला, मग साखर.

गुरुवारी सकाळी येऊन बघते तर पाचही भाडेकरू बेपत्ता. तीच तक्रार, सोय बंद. आत शिरून बघितलं, खरंच बंद. मी आपल्या हातानं चालू केली होती! मामांनी पुन्हा पिन काढली, तीस मोजले, पुन्हा सगळं सुरू. संध्याकाळपर्यंत एकदम झकास. शुक्रवारी सकाळी पुन्हा बंद.

आता माझं डोकं फिरलं. मला सगळ्यांचा संशय यायला लागला. केमिस्ट्रीच्या सरांचा आला, बुधवारचा राग काढत असतील म्हणून. खरं सांगते, क्षणभर मामांचाही आला. मोठे सर दारात येऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही, तेच वाईट. "पुण्याच्या माणसाला मी थांबवून ठेवलंय. उद्या दुपारपर्यंत सांगा. आणि तुमच्या नोकरीचंही मग उद्याच बोलू." ते गेले. मामा पुढं झाले आणि बोलले, "चल. पयल्यापासून. यंत्र काय म्हणतंय ते वाच तरी."

वाचलं. यंत्र सुरू होताना रोज एक पांढरी ओळ यायची आणि आम्ही दोघंही बटण दाबून ती पुढं ढकलायचो. त्या सकाळी पहिल्यांदा थांबून वाचली. तारीख-वेळ ठरलेली नाही, म्हणे. आणि कोपऱ्यात तारीख होती एक जानेवारी, मी शाळेत असतानाच्या सालची! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. यंत्राला रात्रीतून विसर पडत होता. आत नाण्याएवढी एक बॅटरी असते, भिंतीतला करंट गेला की तिच्या जोरावर यंत्र आपली सेटिंगं लक्षात ठेवतं. ती म्हातारी झाली होती. मामा तीस मोजेपर्यंत दम धरायची, रात्रभर नाही. पण रात्री करंट जायचा का? आम्ही यंत्र बंद करून जायचो, पण पिन भिंतीतच असायची, आणि लाइट गेली तरी इन्व्हर्टर होता.

आणि मग आठवलं. शेवटचा माणूस निघाला की इमारतीचा मेन, मुख्य खटका, कोण पाडायचं? इन्व्हर्टरसकट सगळं त्या एका खटक्यावर कुणी आणलं होतं?

"मामा! तुम्हीच! रोज मेन पाडून तुम्हीच जाता! दोन दिवस मी इथं मरायलेय आणि तुम्ही रोज—" असं मी सगळ्यांसमोर ओरडले. बाहेर पोरं उभी होती.

मामांनी ते लपवलं नव्हतं. त्यांच्या ध्यानातच नव्हतं. चप्पल घालणं जसं कुणी मोजत नाही, तसं ते मेन पाडणं मोजत नव्हते. "एका वक्ताला एकच" म्हणणारा माणूस रोज दुसरी गोष्ट बदलून घरी जात होता. ते हळूच म्हणाले, "हाव. मीच की." आणि खाली मान घालून पेटीचं झाकण उघडायला बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बॅटरी घ्यायला आम्ही ऑटोनं गोलाईच्या बाजारात गेलो. घड्याळवाला ड्रॉवर उचकत होता तेव्हा मामा त्याच्या काचेवर नजर ठेवून बोलायला लागले. भूकंपाच्या वेळी ते औशाच्या बाजूला एका खेड्यात एक्स्चेंजवर होते. ते वाचले. शेजारीच राहणाऱ्या त्यांच्या घरमालकाच्या घराची भिंत बसली आणि आत त्याची पोरगी राहिली, त्यांना रोज पाण्याची कळशी आणून द्यायची ती. आवाज येत होता तिचा. लाइट गेलेली, म्हणून लोक बिनधास्त दगड उपसत होते.

"आन् मधीच लाइट आली," मामा म्हणाले. "तार ढिगाऱ्यात पडलेली. एकाला झटका बसला, मंग कुणी हात घालीना. मी डीपीच्या खटक्याकडं पळालो. लांब होती. पाडून आलो तवर पोरीचा आवाज न्हाई." घड्याळवाल्यानं बॅटरी पुढं केली. मामांनी ती उजेडात धरून पाहिली. "लोक म्हणतेत लाइट गेली की वाईट. गेलेली लाइट परत येती पोरी, ते जास्त वाईट."

मी तिथंच त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "अगं, बिघाड सापडला न्हवं? सापडला म्हंजे खूश व्हायचं." आणि परत येताना ऑटोत खरंच शीळ घातली.

त्या संध्याकाळी नवी बॅटरी बसवली, सोय चालू केली, आणि मी स्वतः मामांना म्हटलं, "आज मुद्दाम पाडा." त्यांनी खटकन मेन पाडला. शनिवारी सकाळी एसटीतून उतरून मी पळतच आले. मामा दारात माझ्यासाठी थांबले होते, एकट्यानं मेन उचलला नव्हता. उचलला. पांढरी ओळ नाही. तारीख आजची! आणि पाचही भाडेकरू एकामागून एक, आपापली दारं उघडत. मी मामांचे दोन्ही हात धरून गोल गोल फिरले. ते "अगं पडशील, पडशील" म्हणत स्वतःच हसत होते. मोठ्या सरांनी पुण्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. माझ्या नोकरीचं मात्र म्हणाले, "उद्या पेपर होऊ दे."

रविवारी दहाला साठ पोरं बसली. मी आतल्या खोलीत पेटीशेजारी मांडी घालून, पडद्यावर उत्तरं पडताना बघत होते. एकेक उत्तर टपकन येऊन नोंदलं जात होतं. पंचवीस मिनिटं झाली, तीस झाली. मला वाटत होतं, उठून गाणं म्हणावं.

आणि जमीन गुरगुरली. एकच धक्का, छोटा, जसे आमच्याकडं अधूनमधून येतात. खिडकीची तावदानं वाजली. हॉलमधून मामांचा आवाज आला, "सगळं सोडा! बाहेर! पळू नका, चाला!" आणि खट. मेन. पडदा काळा झाला. पंखा थांबला. उत्तरं मधेच तुटली होती. मला दुसरं काही सुचेना. मी मोबाइलच्या उजेडात पेटीवर वाकून बघत बसले, डिस्कचा दिवा शेवटी हिरवा होता का लाल, जे लिहून होत होतं ते झालं का. बाहेर चाललंय काय याचं भानच नव्हतं. माझी नोकरी त्या पेटीत होती.

बाहेर मैदानात मामा मोजत होते. साठ. पोरं भरली. मग सगळी मोठी माणसं. एक कमी. पुन्हा मोजलं, एक कमी. हे मला नंतर पोरांनी सांगितलं. मला कळलं ते असं, की दार धाडकन उघडलं आणि कुणीतरी माझं बखोट धरून मला उभं केलं. मामा. तोंड पांढरंफटक. मी म्हटलं, "मामा, एक मिनिट, डिस्क—" त्यांनी ऐकलं नाही. जिन्यावरून अक्षरशः ओढत नेलं, माझी एक चप्पल वर राहिली. मैदानात आणून सोडलं आणि साठ पोरांसमोर, सगळ्या सरांसमोर, जन्मात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले.

"अक्कल हाय का न्हाई? पेटी गेली तर भंगारातून दुसरी आणतो मी! तू कोन्च्या भंगारात मिळशील?"

ओरडताना त्यांचा आवाज फाटला. मग मला रडू आलं, तेही मोठ्यानं, लहान पोरासारखं. सगळी पोरं बघत होती आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

मोठे सर घायकुतीला आले होते. धक्का गेला, पालक फोन करतायत, पेपर अर्धा पडलाय, मेन कुणाला विचारून पाडला? मामा दारात आडवे उभे राहिले. "आर्धा घंटा कुणी आत जायचं न्हाई." सर म्हणाले, "मामा, मी मालक आहे." मामा म्हणाले, "हाव सर. म्हूनच तुमालाबी जाऊ देत न्हाई." सर वळले आणि आमच्यासोबत लिंबाखाली येऊन बसले. ते मूळचे निलंग्याकडचे होते, त्यांनीही भूकंप पाहिला होता.

अर्ध्या तासानं मामांनी भिंती हातानं चाचपल्या, मग मेन उचलला आणि मला खूण केली. मी पेटीचं बटण दाबलं. पांढरी ओळ नाही. तारीख बरोबर. घरमालक उठला. एक, दोन, तीन, चौथ्याला जरा वेळ लागला, मग चार, पाच! पोरं आत आली, आपापल्या जागी बसली, आणि हॉलच्या मागून एक पोरगी ओरडली, "मॅडम! माझं बाविसाव्या प्रश्नापर्यंत झालं होतं, तिथूनच उघडलंय!" मग दुसरा, मग दहा जण, "माझंबी! माझंबी!" सगळ्यांची उत्तरं जशीच्या तशी होती. मोठ्या सरांनी मला सगळ्यांदेखत सांगितलं की कागद उद्या घेऊन जा, कायमचा.

मला ते मामांना सांगायचं होतं. मी पळत दाराशी गेले. मामा उंबऱ्यावर उभं राहून हॉलमधली डोकी पुन्हा मोजायला निघाले होते. मी म्हटलं, "मामा, ऐका ना—"

त्यांनी हात वर करून मला थांबवलं, माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "एक," आणि मग पोरांकडे वळले.